माकडाच्या तोंडी कुणाची जबान?

मुलांनी टीव्हीवर काय बघावे आणि काय बघू नये, हा प्रश्न हल्ली जुम्याच्या नमाजनंतर चपला शोधता शोधताही विचारला जातो. त्यातला एक प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण विचारणाऱ्यालाही तो नीट मांडता येत नाही. 'पोरगा दिवसभर ते माकडाचे कार्टून बघत बसतो. आपल्यात ते चालते का?' कोणते माकड, असे विचारावे तर प्रत्येक घरातून निराळे उत्तर येते. कुणाकडे 'हनुमान' चालू असतो, कुणाकडे 'छोटा भीम'मधले बोलणारे जग्गू माकड, तर कुणाकडे 'जंगल बुक'मधला नाचणारा ओरांगउटान.

धायरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न टाळता येत नाही. सिंहगड रस्त्यावरच्या या गावाचा २०१७ साली इतर दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत समावेश झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून शेते जाऊन इमारती येऊ लागल्या होत्या. आता एका जिन्यावर जोशी राहतात, शिंदे राहतात आणि शेखही राहतात. मुले ज्याच्या घरी टीव्ही चालू असेल त्याच्या घरी बसतात. आपल्या घरातला टीव्ही बंद केला म्हणून प्रश्न सुटत नाही. तो समोरच्या दारात जाऊन बसतो. म्हणून 'चालते' किंवा 'चालत नाही' एवढ्यावर न थांबता या प्रश्नाच्या पोटात काय काय आहे, हे एकदा बाहेर काढून पाहायला हवे.

चित्र आणि श्रद्धा

पहिली हरकत चित्राची असते. सजीवांची चित्रे काढण्याविषयी उलेमांमध्ये जुना मतभेद आहे आणि तो इथे मिटणार नाही. मात्र मुलांच्या खेळण्यांची गोष्ट आली की हजरत आयेशा (र.) यांच्या बाहुल्यांची हदीस हटकून आठवते. त्या बाहुल्यांमध्ये पंख असलेला एक घोडा होता. घोड्याला कधी पंख असतात का, असे पैगंबर (स.) यांनी विचारले. हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकले नाही का, असे उत्तर मिळाले, आणि पैगंबर मनमोकळे हसले. 'अबू दाऊद'मध्ये ही हकिकत आहे. मुलाच्या कल्पनेतल्या प्राण्याला आपल्या घरात जागा होती, एवढे तरी यावरून कळते.

पुढे आपल्या परंपरेने चित्रातल्या प्राण्यांकडे पाठ फिरवली असेही नाही. इब्न अल-मुकफ्फा याने इसवी सन ७५०च्या सुमारास पहलवीतून अरबीत आणलेल्या 'कलीला व दिम्ना'च्या प्रस्तावनेतच प्राण्यांच्या रंगीत चित्रांचा उल्लेख आहे. चित्रांनी वाचणाऱ्याचे मन रमावे, हा हेतूही तिथे सांगितला आहे. या ग्रंथाचे मूळ आपले पंचतंत्र. आपण शाळेत वाचलेली माकड आणि मगरीची गोष्ट त्यातही आहे. जांभळाच्या जागी अंजिराचे झाड आले आणि मगरीच्या जागी कासव आले, एवढाच फरक. अरबीतला वानर हा म्हातारपणी गादीवरून हाकलला गेलेला वानरांचा राजा आहे. काळीज घरीच राहिले असे सांगून तो जीव वाचवतो. या गोष्टीत माकडाला कुणी हसत नाही. हसू येते ते मैत्री विकायला निघालेल्या कासवाचे.

दुसरी हरकत श्रद्धेची आहे. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा 'हनुमान' २००५ साली आला आणि भारतीय ॲनिमेशनला मोठा प्रेक्षक मिळाला. पाठोपाठ २००७ साली अनुराग कश्यप यांचा 'रिटर्न ऑफ हनुमान' आला. त्याआधी युगो साको या जपानी निर्मात्याने राम मोहन यांना सोबत घेऊन १९९३ साली 'रामायण' पूर्ण केले. तो चित्रपट २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा लागला. या कामाच्या सुरुवातीला, रामायणासारखा विषय कार्टूनमध्ये आणू नये अशी हरकत भारतातूनच घेतली गेली होती. आपल्या पूज्य व्यक्तीचे कुणीतरी व्यंगचित्र करील ही धास्ती काय असते, हे मुसलमानांना कुणी समजावून सांगायला नको.

म्हणून आपल्या मुलाला एक गोष्ट नीट सांगावी लागते. वरच्या मजल्यावरच्या काकूंसाठी तो कार्टूनमधला माकड नाही. शनिवारी त्या त्याच्यापुढे हात जोडतात. आपण हात जोडत नाही, पण त्यांच्यासमोर त्याला 'माकड' म्हणून खिदळतही नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेचा आदर करणे म्हणजे तिची इबादत करणे नव्हे. हा फरक आठ वर्षांच्या मुलालाही कळतो. कित्येकदा तो मोठ्यांनाच कळत नाही.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. वाल्मीकींच्या रामायणात हनुमानाची पहिली भेट होते तेव्हा रामावर छाप पडते ती त्याच्या बोलण्याची. इतके शुद्ध, नेमके, व्याकरणाला धरून बोलणारा हा नक्कीच विद्वान असला पाहिजे, असे राम लक्ष्मणाला सांगतो. वानराच्या तोंडी सर्वांत सुसंस्कृत भाषा आहे. आजच्या कार्टूनमध्ये गदा राहिली, शेपटीच्या कसरती राहिल्या, पण त्या भाषेचे काय झाले? माझ्या मते खरा नैतिक प्रश्न इथून सुरू होतो. मुक्या प्राण्याला आपण बोलायला लावतो तेव्हा त्याच्या तोंडी कुणाची जबान घालतो?

मदाऱ्याचे माकड

पडद्यावरचे माकड येण्याआधी मोहल्ल्यात मदाऱ्याचे माकड येत असे. डमरू वाजला की मुले धावत. दोरीच्या टोकाला बांधलेले माकड घागरा घालून सासरी जायला नकार देई, टोपी घालून साहेबाला सलाम करी, काठी खांद्यावर टाकून शिपाई होई. आपण हसत होतो, पण माकडाला त्यात हसण्यासारखे काहीच नव्हते. नवरीचे रुसणे आपले होते, साहेबी आपली होती आणि काठीचा मार तेवढा त्याचा होता.

केंद्र सरकारने १९९८ साली अधिसूचना काढून अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या खेळांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ती कायम ठेवली. बंदी योग्यच होती. पण महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत मुस्लिम मदारी आहेत, अस्वलवाले दरवेशी आहेत, हेही आपण विसरू नये. माकडाची दोरी सुटली तेव्हा त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक भुकेला माणूस होता. त्याच्या चुलीचे काय, हा प्रश्न आपल्या जमातीतही फारसा कुणी विचारला नाही.

मदारी रस्त्यावरून गेला आणि साधारण त्याच सुमारास कार्टूनच्या वाहिन्या घरोघरी आल्या. खेळ तोच राहिला. माणसाचे कपडे, माणसाची चाल, माणसाची फजिती, फक्त चेहरा माकडाचा. दोरी नाही, काठी नाही, कुणाच्या अंगाला इजा नाही. मग यात वाईट काय, असे कुणीही म्हणेल. शरीराला इजा नाही हे खरे आहे. पण जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याच्या वतीने बोलणे म्हणजे साक्ष देणे आहे. आणि खोटी साक्ष हा आपल्याकडे मोठ्या गुनाहांपैकी एक आहे.

प्राण्याविषयी खोटी साक्ष

मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकाने बिरबलाची माकडिणीची गोष्ट ऐकलेली आहे. हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडतात. पाणी चढू लागते. माकडीण पिलाला आधी कडेवर घेते, मग डोक्यावर घेते, आणि पाणी नाकाशी आले की त्याला पायाखाली घालून त्याच्यावर उभी राहते. जिवापुढे ममता खोटी, असा बोध बिरबल बादशहाला करतो. ही गोष्ट आपण शेकडो वेळा सांगितली. त्या हौदात पाणी सोडणारा माणूस होता, हे मात्र आपल्या कधी लक्षात आले नाही.

अभ्यासकांनी प्रत्यक्षात काय पाहिले आहे? मेलेले पिल्लू कित्येक दिवस, चिंपांझींच्या बाबतीत तर कित्येक आठवडे, छातीशी धरून फिरणाऱ्या माता त्यांनी पाहिल्या आणि नोंदवल्या आहेत. पिल्लू सुकून जाते, तरी आई त्याच्यावरच्या माश्या हाकलत राहते. बिरबलाच्या गोष्टीतली माकडीण ही माकडीण नाहीच. आपल्या मनातला स्वार्थ आपण तिच्या नावावर खपवला आहे.

गंमत अशी की दंतकथेतल्या अकबराला ही गोष्ट सांगितली जाते, तर इतिहासातल्या अकबराने 'कलीला व दिम्ना'ची गोष्ट सोप्या फारसीत लिहून घेतली. अबुल फजलने १५८८ साली ती 'इयार-ए-दानिश' या नावाने पूर्ण केली. शहाण्या वानराची गोष्ट खऱ्या दरबारात होती. निर्दयी माकडीण आपण नंतर तिथे नेऊन बसवली.

आपली भाषा मात्र आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. काळ्या तोंडाचे ते वानर आणि लाल तोंडाचे ते माकड, असा भेद मराठी खेड्यातले पोरही करते. कार्टून तो करत नाही. ते चिंपांझीला शेपटी लावून मोकळे होते. आणि आपल्याच पाठीच्या टोकाला असलेल्या हाडाला आपण 'माकडहाड' म्हणतो. हे नाव ठेवणाऱ्याने डार्विन वाचला नव्हता. त्याने फक्त शेजाऱ्याकडे नीट पाहिले होते. इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा' लिहिताना सृष्टीतल्या चढत्या पायऱ्या मांडल्या, त्यांत माणसाच्या लगतच्या पायरीवर त्याने समज आणि जाणीव असलेले वानर ठेवले. उत्क्रांतीविषयी तुमचे मत काहीही असो, या नात्याकडे आपल्या जुन्या लोकांनी डोळेझाक केली नव्हती. कुरआनच्या सूरह अल-अनआममध्ये (आयत ३८) जमिनीवर चालणारे आणि पंखांनी उडणारे सारे जीव तुमच्यासारख्याच उम्मती आहेत, या अर्थाचे सांगितले आहे. उम्मत म्हणजे जमात. ज्यांची स्वतःची जमात आहे, त्यांच्याविषयी तोंडाला येईल ते बोलता येत नाही.

माणसाविषयी खोटी साक्ष

डिस्नेचा 'जंगल बुक' १९६७ साली आला. त्यातला लुई हा माकडांचा राजा किपलिंगच्या पुस्तकात नाही. पुस्तकातल्या 'बंदरलोगां'ना राजाही नाही आणि कायदाही नाही. गोष्ट घडते ती नागपूरच्या वर, सिवनीच्या रानात, आणि लुई आहे ओरांगउटान, म्हणजे सुमात्रा-बोर्निओचा रहिवासी. २०१६ च्या नव्या चित्रपटात ही अडचण काढायला त्याला जुन्या काळातला नामशेष महाकाय वानर करावे लागले. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस आणि 'हुतान' म्हणजे रान. ज्यांच्या शेजारी तो राहतो त्यांनी त्याला रानमाणूस म्हटले. ज्यांनी तो रानात कधी पाहिला नाही त्यांनी त्याचा विदूषक केला.

पण खरे दुखणे भूगोलाचे नाही. लुई जाझच्या ठेक्यावर नाचतो आणि मोगलीकडे एकच मागणे मागतो. त्याला माणसासारखे व्हायचे आहे आणि त्यासाठी आगीचे रहस्य हवे आहे. जाझ हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेले संगीत. ते लोक समान नागरिक म्हणून हक्क मागत रस्त्यावर उतरले होते, त्याच दशकात पडद्यावर एक वानर जाझ गात 'मला तुमच्यासारखे व्हायचे आहे' म्हणतो. लुईला आवाज देणारा लुई प्रीमा इटालियन वंशाचा गायक होता, हे खरे. बनवणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू होता असेही मी म्हणत नाही. तरी अनेक समीक्षकांना त्यात वंशाची कुचेष्टा दिसली, ती उगाच नव्हे.

आपल्याकडे याला म्हण तयार आहे, 'माकडाच्या हाती कोलीत'. ही म्हण कधी वापरली जाते ते आठवून पाहा. गावात दलित सरपंच झाला, बाईच्या हाती कारभार आला, मोहल्ल्यातला पोरगा नगरसेवक झाला, की कट्ट्यावरून कुणीतरी ती हळूच सोडतो. तेव्हा माकडाचा अपमान होत नाही. माकडाचा मुखवटा चढवून माणसाचा होतो. लुईच्या गाण्यातही कोलीतच मागितले आहे.

मराठी मुसलमानाला हे कळायला वेळ लागू नये. कोकणातला मुसलमान कोकणी बोलतो. कोल्हापूर-सांगलीकडचा रांगडी मराठी बोलतो. मराठवाड्यातला दखनी आणि मराठी दोन्ही बोलतो. पण मराठी नाटक-सिनेमात आला की बहुधा त्याच्या तोंडी एक मोडकी-तोडकी हिंदी असते आणि प्रेक्षक हसतात. 'तुम्ही मराठी किती छान बोलता!' ही शाबासकी इथेच जन्मलेल्या माणसाला आयुष्यभर ऐकावी लागते. दुसऱ्याने आपल्या तोंडी घातलेली जबान काय असते, याचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. हे वार्षिक मराठीत निघते, त्यामागे आपल्या तोंडी आपलीच भाषा असावी हा हट्टही आहेच.

मात्र फक्त फिर्यादीच्या पिंजऱ्यात उभे राहून चालणार नाही. आपल्या घरातही बघावे लागेल. कुरआनमध्ये शनिवारचा नियम मोडणाऱ्या एका वस्तीला 'वानर व्हा' असा शाप मिळाल्याचा उल्लेख आहे (अल-बकरा ६५, अल-आराफ १६६). त्याचा आधार घेऊन काही वक्ते आजही एका संपूर्ण कौमला माकडांची औलाद म्हणतात आणि ऐकणारे माना डोलावतात. 'सहीह मुस्लिम'मध्ये याचे सरळ उत्तर आहे. रूप पालटलेल्यांचा वंश अल्लाहने पुढे चालवला नाही आणि वानर-डुकरे त्यांच्या आधीपासूनच होती, असे पैगंबरांनी (स.) स्पष्ट सांगितले. म्हणजे आजचा कुणी माणूस त्या वानरांची औलाद नाही आणि आजचे कुठलेही माकड शापित माणूस नाही. पहिल्या पिढ्यांतले मुफस्सिर मुजाहिद तर म्हणत की पालटली होती ती त्यांची दिले, शरीरे नव्हेत. इतका स्वच्छ खुलासा हाताशी असताना जो शिवी देतो, तो दोन निष्पापांवर एकदम आळ घेतो.

नावाचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. 'अल्लादीन' (१९९२) या चित्रपटातल्या चोरट्या माकडाचे नाव आहे अबू. अरबीत 'अबू' हा आदराने घ्यायचा शब्द. हजारो हदीस ज्यांच्याकडून आल्या त्या सहाबींना आपण अबू हुरैरा म्हणतो, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. जनावरावरून पडलेले नाव त्यांनी जन्मभर मिरवले. याउलट 'द लायन किंग'मधल्या (१९९४) शहाण्या मँड्रिलचे नाव आहे रफीकी. स्वाहिलीत याचा अर्थ मित्र, आणि शब्द आला आपल्या ओळखीच्या 'रफीक'वरून. एकीकडे अरबी नावाचे माकड चोर, दुसरीकडे अरबी मुळाचे नाव असलेला वानर सिंहाच्या छाव्याला वाट दाखवणारा. दोष माकडाच्या चेहऱ्यात नसतो आणि नावातही नसतो. त्याला काय करायला लावले, यावर सारे ठरते.

खरी साक्ष

मग प्राण्याला बोलायला लावूच नये का? तसे म्हटले तर आपल्याला सूरह अन-नम्लसुद्धा मुलांना सांगता येणार नाही. हजरत सुलेमान (अ.) यांचे लष्कर येताना पाहून एक मुंगी बाकीच्यांना सांगते, आपापल्या घरांत शिरा, नाहीतर हे लोक न कळत आपल्याला चिरडून टाकतील. सुलेमान ते ऐकून हसतात आणि लगेच अल्लाहचे आभार मानून भले काम करण्याची दुआ मागतात. मुसलमान मुलाच्या आयुष्यातला पहिला बोलणारा प्राणी बहुधा हीच मुंगी असते. बलवानाच्या पायांविषयीची भीती ती सांगते. सुलेमानांचे हसणे मुंगीच्या बोलण्याने आले आहे, पण ते मुंगीला हिणवणारे नाही. हसणारा त्या हसण्यानंतर अधिक नम्र होतो. हसण्याची ही जात ओळखायला शिकणे, हे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

कार्टूनमध्ये असे घडू शकते का? याचे एक उदाहरण पुण्यातच तयार झाले. क्रेयॉन पिक्चर्स या पुण्याच्या संस्थेने निखिल अडवानी यांच्या दिग्दर्शनाखाली 'दिल्ली सफारी' केला. तो ऑक्टोबर २०१२ मध्ये आला आणि त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईतले रान बिल्डर तोडतात, बिबट्याच्या पिल्लाचा बाप मारला जातो, आणि उरलेले प्राणी दिल्लीला जाऊन सरकारपुढे कैफियत मांडायचे ठरवतात. त्यांना माणसांची भाषा येत नाही, म्हणून पाळीव पोपटाला बरोबर घेतात. या टोळीत बजरंगी नावाचे माकड आहे. त्याला गोविंदाने आवाज दिला आहे. बजरंगी तापट आहे, त्याला अर्ज-विनंत्या नकोत, लढाई हवी. अस्वल शांततेची भाषा बोलते आणि बजरंगी बाह्या सरसावतो.

चित्रपट बजरंगीच्या रागाला हसवतो, आणि तिथे माझे मन थोडे अडखळते. घर गेलेल्याचा राग विनोदी करून टाकला की बघणाऱ्याला अपराधी वाटत नाही. बुलडोझरपुढे उभ्या असलेल्या झोपडीवाल्याच्या संतापाकडे आपण असेच बघतो. दुसरी गोष्ट अशी की ज्याचे घर गेले त्याला कुणी ऐकत नाही. माणसाच्या घरात राहून माणसाची भाषा शिकलेला पोपट लागतो. ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच ती बोचते. तरीही मी हा चित्रपट खऱ्या साक्षीच्या बाजूला ठेवीन. कारण त्यातले माकड आपल्यासारखे होऊ इच्छीत नाही. त्याला त्याचे झाड हवे आहे. लुईचे मागणे आपण त्याच्या तोंडी घातलेले होते. बजरंगीचे मागणे, कपडे आणि संवाद बाजूला काढले तर, खऱ्या माकडाचेही असू शकते.

या गोष्टीचा नमुना आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीचा आहे. दहाव्या शतकात बसऱ्याच्या 'इख्वान-उस-सफा' या मंडळाने लिहिलेल्या एका रिसाल्यात सारे प्राणी माणसाविरुद्ध जिन्नांच्या बादशहापुढे फिर्याद घेऊन जातात. मधमाशी येते, बेडूक येतो, बुलबुल येतो, आणि शिकारी पक्ष्यांचा वकील म्हणून तिथेही पोपटच येतो. फोर्ट विल्यम कॉलेजमध्ये मौलवी इकराम अली यांनी १८१० साली त्याचा उर्दू तर्जुमा केला आणि पुढे तो कित्येक पिढ्यांनी वाचला. माणूस तिथे आपल्या मोठेपणाचे एकेक कारण सांगतो: आमचे रूप सुंदर, आमची बुद्धी मोठी, आमच्या इमारती उंच. प्राणी एकेक कारण खोडून काढतात. मुंग्या आणि मधमाश्या काय कमी बांधतात? शेवटी माणसाच्या बाजूने निकाल लागतो तो फक्त एका मुद्द्यावर. माणसाला मेल्यानंतर पुन्हा उठायचे आहे आणि हिशेब द्यायचा आहे. बाकी सगळे मोठेपण दरबारात टिकत नाही, एवढी जबाबदारी तेवढी टिकते.

धायरीच्या आसपासचे डोंगरउतार इमारतींनी झाकत चालले आहेत. त्या इमारतींतच आपण राहतो, म्हणून बोट फक्त बिल्डरकडे दाखवता येणार नाही. घाटात गाडी थांबवून माकडापुढे वेफरचे पाकीट टाकायचे, त्याने पिशवी हिसकावली की त्याला चोर म्हणायचे, आणि घरी येऊन चोर माकडाचे कार्टून बघून हसायचे, ही साखळी आपलीच आहे. 'अबू दाऊद'मधली उंटाची हकिकत आपण वाझमध्ये ऐकतो. पैगंबर (स.) यांना पाहून उंटाच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि मालकाला बोलावून सांगितले की, हा तुझी तक्रार करतो आहे. तू याला उपाशी ठेवतोस आणि राबवून दमवतोस. उंट माणसाच्या भाषेत बोलला नव्हता. ऐकणाऱ्याने ऐकले होते.

म्हणून मशिदीबाहेर विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे. बघू द्या. पण मुलाला टीव्हीपुढे सोडून स्वयंपाकघरात किंवा मोबाइलमध्ये निघून जाऊ नका. शेजारी बसा. कार्टून संपल्यावर त्याला दोन गोष्टी विचारा. खरे माकड असे करते का? आणि तू हसलास ते कुणाला हसलास? पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याला येणार नाही, म्हणून त्याला एखाद्या सुट्टीत घाटात न्या आणि हातात काही खायला न देता, लांब उभे राहून, वानरांचा कळप नुसता बघायला सांगा. दुसऱ्या प्रश्नाला तो कदाचित 'माकडाला' असे म्हणेल. एखादे दिवशी मात्र तो थोडा विचार करील आणि शाळेतल्या एखाद्या मुलाचे नाव घेईल, ज्याला सगळे माकड म्हणून चिडवतात. त्या दिवशी त्याच्याशी जे बोलायचे आहे, त्याची तयारी आपली आपल्याला करावी लागेल. ते कुठले कार्टून करून देणार नाही आणि कुठला फतवाही देणार नाही.